डबा दारात अडवणाऱ्या माननीय महोदयांस

प्रति,
माननीय खाद्यविभागप्रमुख महोदय,
स. न. वि. वि.

पत्रास कारण की, दहावीची परीक्षा संपल्यावर माझा मुलगा मित्रांबरोबर आपल्या मनोरंजन उद्यानात येऊन गेला. आपण त्याचे जे आदरातिथ्य केलेत, त्याबद्दल चार शब्द लिहिल्याशिवाय राहवले नाही. उद्यानाचे नाव मी लिहिलेले नाही. आपल्यासारखे कर्तबगार अधिकारी एकाच उद्यानात असतील असे मला वाटत नाही, त्यामुळे हे पत्र आपल्या व्यवसायबंधूंनाही वाचून दाखवावे.

सर्वप्रथम आपल्या दूरध्वनी विभागाचे आभार. प्रवेशाचे तिकीट कितीचे, कोणत्या वारी कमी, कोणत्या वारी जास्त, हे सगळे आपण आधीच छापून ठेवता. आत जेवण कितीला पडते, हे मात्र कुठे सापडेना, म्हणून मी फोन केला. पलीकडच्या मुलीने अतिशय गोड आवाजात सांगितले, "मॅडम, आमच्याकडे सगळ्या बजेटमध्ये मिळतं." मी आकडा विचारला. तिने तेच वाक्य पुन्हा म्हटले. तिला आकडा सांगायची परवानगी नसावी. ती परवानगी देणारे किंवा न देणारे आपण, म्हणून हे पत्र आपल्या नावे आहे. त्या मुलीबद्दल माझी काही तक्रार नाही.

मी पतसंस्थेत हिशेब लिहिते. घरी आल्यावरही हात थांबत नाही. कॅलेंडरच्या पानामागे मी मुलाच्या खाण्याचा हिशेब मांडला. सकाळचे घरून जाईल. दुपारचे जेवण अडीचशे, दोनदा काहीतरी थंड मिळून शंभर, येताना वाटेत चहा-वडापाव साठ आणि उरलेले अडीअडचणीला. एकूण सहाशे रुपये. आमच्या गावात एस.टी. स्टँडसमोरच्या खानावळीत शंभर रुपयांत राइस प्लेट मिळते आणि भात पुन्हा मागता येतो. आपल्याकडे अडीच पट धरले म्हणजे पुष्कळ झाले, असा माझा हिशेब होता. सहाशे रुपये हा आमच्या घरात लहान आकडा नाही, महोदय. तेवढ्यात आमचा आठवड्याचा भाजीपाला येतो.

शिवाय डबा होताच. पहाटे उठून धपाटे केले. शेंगदाण्याची चटणी, कैरीचा तक्कू. आठ मुलांचे आठ डबे. दहावीपर्यंत ही मुले मधल्या सुट्टीत अंगतपंगत करत आली. कोणाच्या डब्यातली भाजी कोणी संपवायची, हे त्यांचे ठरलेले असते. यापुढे कोणी आयटीआयला, कोणी अकरावीला शहरात जाणार. या सहलीतली ही अंगतपंगत बहुधा शेवटची, हे त्यांनाही ठाऊक होते आणि आम्हा आयांनाही.

आपण ती होऊ दिली नाहीत. धन्यवाद.

प्रवेशद्वाराशी आपण जे लांब टेबल मांडले आहे, त्यावर मुलांच्या पाठपिशव्या उघडल्या गेल्या. टॉवेल, कपड्यांचा जोड, सनस्क्रीन, हे सगळे आत जाऊ शकते. स्टीलचा डबा जाऊ शकत नाही. पाण्याच्या बाटल्या तिथल्या कुंडीत ओतून रिकाम्या परत मिळाल्या. एप्रिल महिना, सकाळचे साडेदहा आणि भरलेल्या बाटल्या कुंडीत ओतायच्या! ज्या तालुक्यातून ही मुले आली, तिथे एप्रिलमध्ये नळाला दिवसाआड पाणी येते. त्या कुंडीतल्या झाडांची आपण एवढी काळजी घेता, हे पाहून मुलांना पर्यावरणाचा धडाच मिळाला.

टेबलामागचा रक्षक भला माणूस. त्याने मुलांना सांगितले, "बाहेर खाऊन घ्या, मग या." मुलांनी विचारले, दुपारी बाहेर येऊन खाल्ले तर चालेल का? नाही. एकदा आत गेलेला बाहेर आला की पुन्हा आत नाही. मग आठही डबे टेम्पो ट्रॅव्हलरच्या चालकाकडे पोचले आणि गाडीत दिवसभर वाट पाहत बसले. आपल्या भिंतीपासून गाडीतळ हाकेच्या अंतरावर आहे. मुले उंच पाळण्यात बसली की त्यांना गाडी दिसायची.

त्याच रक्षकाच्या खुर्चीखाली त्याचा स्वतःचा डबा कापडी पिशवीत होता, असे मुलगा म्हणाला. त्याच्या डब्याने आपल्या उद्यानाची स्वच्छता बिघडत नाही याचा मला मनापासून आनंद आहे. त्याला आपण जेवू देता. आमच्या पोरांना का नाही, एवढेच कळत नाही.

कारण आपण फलकावर लिहिलेले आहे: स्वच्छता आणि सर्वांची सुरक्षितता. आमच्या आरोग्याची एवढी चिंता वाहिल्याबद्दल आपले ऋण कसे फेडावे? तेच धपाटे रात्री नऊ वाजता परतीच्या वाटेवर आठही जणांनी खाल्ले. कोणाचे पोट दुखले नाही. धपाटे दोन दिवस टिकतात, हे आपल्या घरीही कोणाला तरी ठाऊक असेल.

स्वच्छतेचा विषय आपण काढलाच आहे, तर एक माहिती सादर करते. फ्लोरिडातले वॉल्ट डिस्ने वर्ल्ड हे जगातल्या सर्वांत प्रसिद्ध उद्यानांपैकी एक. तिथे घरचे खाणे आत नेता येते. काचेची भांडी आणि दारू तेवढी चालत नाही. त्यांचे साम्राज्य आमच्या धपाट्यांएवढ्या शिदोरीने बुडाल्याचे ऐकिवात नाही. शांघायच्या डिस्नेलँडमध्ये मात्र आपल्यासारखाच नियम होता. तिथे कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थिनीची पिशवी उघडली गेली आणि खाऊ आत नेऊ दिला नाही. तिने सरळ न्यायालयात दावा लावला. २०१९ साली तडजोड झाली, तिला ५० युआन भरपाई मिळाली आणि नियम बदलला. स्वतःपुरते खाणे आत नेण्याची मुभा सगळ्यांनाच मिळाली. ५० युआन म्हणजे आपल्याकडचे पाच-सहाशे रुपये. माझ्या मुलाचे बजेट तेवढेच होते.

आपला कायदेशीर सल्लागार लगेच सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवील, म्हणून मीच दाखवते. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की सिनेमागृह ही मालकाची खासगी मालमत्ता आहे आणि बाहेरचे खाणे आणू न देण्याची अट तो घालू शकतो. त्याआधी २०१८ च्या पावसाळी अधिवेशनात महाराष्ट्रातल्या मल्टिप्लेक्समध्ये बाहेरचे खाणे नेता येईल असे जाहीर झाले होते. त्या घोषणेचे पुढे काय झाले, ते आपण सगळ्यांनी पाहिले. निकालाचा मी आदर करते. पण न्यायालयाने त्याच निकालात चित्रपटगृहांत पिण्याचे शुद्ध पाणी मोफत मिळाले पाहिजे आणि तान्ह्या बाळाचे खाणे अडवता येणार नाही, हेही गृहीत धरले आहे. आपण निकालाचा पहिला अर्धा भाग चौकटीत लावावा इतका लक्षात ठेवलेला दिसतो.

आणि चित्रपट तीन तासांत संपतो, महोदय. पॉपकॉर्न नको असेल तर माणूस मध्यंतरात गप्प बसतो आणि घरी जाऊन जेवतो. आपण सकाळी साडेदहाला मूल आत घेता आणि संध्याकाळी सोडता. मधे बाहेर पडायची सोय नाही. उन्हात उभे राहणे, पाण्यात डुंबणे, शंभर पायऱ्या चढून पुन्हा घसरगुंडीवरून खाली येणे, हे दिवसभर चालते. नको असेल तर विकत घेऊ नका, हे सिनेमाच्या मध्यंतरात ठीक आहे. सोळा वर्षांच्या मुलाला आठ तास असे सांगता येत नाही.

सोळा वर्षांच्या मुलाला किती खायला लागते, हे मी आई म्हणून सांगितले तर आपण अतिशयोक्ती म्हणाल. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली ठरवलेल्या मानकानुसार सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाला दिवसाला ३,३२० कॅलरी लागतात. तेरा ते पंधरा वयाच्या मुलाला २,८६०. वाढीच्या वयातली ही मुले त्यांच्या बापांपेक्षा जास्त जेवतात आणि ते बरोबरच आहे. आपल्या उद्यानाला येणाऱ्यांमध्ये नेमकी हीच मुले जास्त असतात. गिऱ्हाईक हेरण्याची आपली नजर वाखाणण्यासारखी आहे.

आता पाण्याबद्दल आभार. मोफत पाणी आपण ठेवलेले आहे, हे मी नाकारत नाही. ते आपल्या नकाशावर दाखवलेले नाही, स्वच्छतागृहाच्या मागच्या बाजूला आहे, दोन नळांपैकी एक चालू होता आणि त्याचे पाणी चहाला चालेल इतके कोमट होते, एवढेच. त्याउलट थंड पाण्याच्या बाटल्या प्रत्येक वळणावर आहेत.

या कलेत आपले पूर्वज अमेरिकेतले आहेत, असे म्हणतात. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात पहिले डिस्नेलँड उघडले, तेव्हा नळजोडणी कामगारांचा संप होता. पिण्याच्या पाण्याचे नळ आणि स्वच्छतागृहे, दोन्ही वेळेत पुरी होईनात. वॉल्ट डिस्नेंनी स्वच्छतागृहे पुरी करून घेतली. त्या दिवशी कडक ऊन पडले आणि लोकांनी आरोप केला की पेप्सी खपावी म्हणून पाणी ठेवलेले नाही. तिथे निदान संप होता. आपल्याकडे कोणाचा संप आहे, ते कळवावे. मी मध्यस्थी करायला येईन.

बाटलीवर छापील किंमत २० रुपये. आपण घेतले ४०. मुलाने विचारले तर खिडकीतून उत्तर आले, "कूलिंग चार्ज." गार करण्याचे वीस रुपये! माझ्या मुलाने बाटलीवरच्या छापील किमतीचा फोटो काढून आणला आहे. दहावीच्या पुस्तकांनी नाही शिकवले, घराने शिकवले.

२०११ च्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार किरकोळ विक्रेत्याला छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत. १ जानेवारी २०१८ पासून एकाच वस्तूवर दोन ठिकाणी दोन वेगवेगळ्या कमाल किमती छापण्याच्या अनुचित पद्धतीलाही बंदी आहे. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हॉटेल आणि उपाहारगृहांना मोकळीक दिली, तेही मला ठाऊक आहे. तिथे बसायला जागा, वाढायला माणूस, अशी सेवा पाण्याबरोबर मिळते, असा न्यायालयाचा विचार होता. आपल्या त्या खिडकीपाशी खुर्ची नव्हती. वाढपी नव्हता. सावलीसुद्धा नव्हती. मुलांनी बाटली हातात घेतली आणि उन्हात उभ्याने प्यायली. ही सेवा कोणती, ते बिलावर लिहिले असते तर बरे झाले असते. पण त्या खिडकीत बिल मिळत नाही.

आपल्या कार्डाबद्दल तर किती कृतज्ञता व्यक्त करावी! आत रोख पैसे चालत नाहीत. मुलांकडे मोबाइल आहे, पण बँकेचे खाते आईबापांचे. म्हणून आपण कार्ड काढले आहे. कमीत कमी ५०० रुपये भरायचे, त्यातले ५० कार्डाची अनामत. म्हणजे माझ्या मुलाने घरून आणलेल्या सहाशेपैकी पाचशे आपल्या गल्ल्यात आधीच जमा झाले. काय खायचे आणि खायचे की नाही, हे ठरण्याच्या आधीच. पतसंस्थेत आम्ही ठेवीवर व्याज देतो. आपण ठेव घेता आणि वर ती संपवायला भाग पाडता. एवढी वर्षे सहकारात काढून हे आम्हाला कधी सुचले नाही.

हिशेब सांगते. मुलाने सांगितला तसा. कार्डात ४५०. जेवणाला 'मिनी थाली' २९९. फलकावर एवढेच लिहिलेले. बिलावर पाच टक्के जीएसटी, म्हणून ३१४. कर भरण्याबद्दल माझी तक्रार नाही. मुलांच्या जगात फलकावरचा आकडा हाच आकडा असतो आणि तो ठेवणारे मोठे लोक आहेत. पाण्याच्या दोन बाटल्या ८०. वेफर्सचे एक पाकीट, छापील किंमत २०, आपली किंमत ४०. झाले ४३४. उरले १६ रुपये. सोळा रुपयांत आपल्या उद्यानात काही मिळत नाही.

थाळी पाहिली नाही, पण मुलाने हातवारे करून दाखवली. तीन पुऱ्या, दोन वाट्या, मूठभर भात, पापडाचा तुकडा. पुन्हा मागायचे नाही. आणि टेबलावर एक छोटा फलक: थाळी दोघांत खाऊ नये. हवे तेवढे वाढण्याच्या थाळीला हा नियम मी समजू शकते. आमच्या गावच्या खानावळीतही तो आहे आणि रास्त आहे. पण मोजून तीन पुऱ्या देणाऱ्या ताटात दुसऱ्याने हात घातला, तर आपले काय जाते? मुलाचीच एक पुरी जाईल. ती देण्याचा त्याला हक्क नाही?

दोन बाटल्या कशाला, असे मी मुलाला विचारले. मग तो बोलला. ते मी आता आपल्याला सांगणार आहे, कारण हे पत्र त्यासाठीच आहे. बाकी सगळे मी सोसले असते.

त्या आठांमध्ये एक मुलगा आहे. नाव सांगणार नाही. तिकिटाचे पैसे त्याच्या काकाने दिले. आईने हातात दोनशे रुपये ठेवले. ती दुसऱ्यांकडे स्वयंपाकाला जाते, पण पोराचा डबा तिने सगळ्यांत भरगच्च दिला होता. तिचा हिशेब माझ्यासारखाच होता: डबा आहे, पोर उपाशी राहणार नाही. दोनशे रुपये आइसक्रीमला आणि गंमतजंमत करायला. तिचा हिशेब माझ्यापेक्षा पक्का होता, महोदय. तिचा डबा आत गेला असता, तर तिच्या पोराच्या खिशात संध्याकाळी शंभर रुपये उरले असते.

डबा आपण अडवलात. दोनशे रुपयांत आपले कार्ड मिळत नाही. म्हणजे त्या मुलाला आपल्या उद्यानात स्वतःच्या पैशाने पाण्याचा घोटही विकत घेता येईना. खिशात पैसे असून!

जेवायच्या वेळी तो मित्रांना म्हणाला, "माझा आज उपास आहे." मंगळवार होता. सगळ्यांना कळले. सोळा वर्षांच्या मुलांना हे लगेच कळते. कोणी काही बोलले नाही. माझ्या मुलाने दुसरी बाटली घेतली ती त्याच्यासाठी. वेफर्स घेतले, कारण ते बटाट्याचे, उपासाला चालतात. आणि आपल्या 'दोघांत खाऊ नये' फलकाखाली बसून त्याने तीनपैकी दोन पुऱ्या टिश्यू पेपरमध्ये गुंडाळल्या, खिशात घातल्या आणि पाळण्याच्या रांगेमागे नेऊन मित्राला दिल्या. कागद तेलाने पारदर्शक झाला होता, असे तो म्हणाला. मित्राने त्या खाल्ल्या. उपासाचा विषय पुन्हा निघाला नाही.

मधल्या सुट्टीत हाच मुलगा आपल्या डब्यातली वांग्याची भाजी सगळ्यांना वाटायचा. तिथे तो देणारा होता. आपण त्याला अर्ध्या तासात घेणारा करून दाखवलेत, तोही चोरून घेणारा. एका पोराने दुसऱ्याला पुरी द्यायची, तीही आपल्या लोकांची नजर चुकवून. असल्या व्यवस्थेला आपण खाद्यविभाग म्हणता, ही आपल्या मनाची केवढी विशालता!

मला आपले खर्च समजत नाहीत, असे नाही. जागा, वीज, माणसे, पावसाळ्यातले रिकामे दिवस, गिऱ्हाईक येवो न येवो, शिजवून ठेवावे लागणारे जेवण. शंभराची थाळी आपण पावणेदोनशेला दिलीत तर मी कुरकुर करणार नाही. गोराईला १९८९ साली एस्सेलवर्ल्ड सुरू झाले, तेव्हापासून आमच्या पिढीने अशी उद्याने हौसेने पाहिली आणि मुलांना पाठवली. आपण मिळवावे, यात मला आनंदच आहे. पण तिकिटाचे पैसे घेऊन दार लावायचे, शिदोरी बाहेर ठेवायची, पाणी ओतायचे आणि मग भाव सांगायचा, याला धंदा म्हणत नाहीत. आमच्याकडे याला अडवणूक म्हणतात.

संध्याकाळी कार्डावरचे सोळा आणि अनामतीचे पन्नास परत घ्यायला मुले गेली. खिडकी एकच. उद्यान बंद होण्याच्या आधी अर्धा तास तीही बंद. रांग वळणापर्यंत. चालक हॉर्न वाजवत होता. मुलांनी कार्डे खिशात घातली आणि परत आली. आठापैकी सात कार्डे. त्या आठव्या मुलाने मात्र आपल्याला एक पैसाही दिला नाही, याचे मला समाधान वाटते.

आपल्या वेळेची किंमत मी जाणते, म्हणून मागणे थोडक्यात मांडते. आपले दरपत्रक तिकिटाच्या शेजारी, करासहित छापावे. मुलांचा डबा आत जाऊ द्यावा. जेवायला वेगळी शेड हवी असेल तर ती बांधावी, तिथली केरबादली आमची मुले रिकामी करतील. तेही जमत नसेल, तर दुपारी हातावर शिक्का मारून तासभर बाहेर सोडावे. पिण्याचे थंड पाणी प्रत्येक वळणावर, फुकट. पाचशेची अट काढून टाकावी. पन्नास रुपये असलेल्या मुलाला पन्नासचे कार्ड मिळावे आणि उरलेले पैसे दाराशीच, न मागता परत मिळावेत.

यांतले काहीही केल्याने आपले पाळणे फिरायचे थांबणार नाहीत. माझी धाकटी मुलगी तीन वर्षांनी दहावीला जाईल. तिच्याही मैत्रिणी आतापासून आपल्या उद्यानाचे नाव घेतात. तिच्याबरोबर डबा जाणार आहे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
एका मुलाची आई

ता. क. हे पत्र आपल्या खांद्यावरून वाचणाऱ्या आईबापांसाठी: उद्यानाला फोन करा तेव्हा जेवणाचा आकडा विचारा आणि मिळेपर्यंत विचारा. मुलांना प्रत्येक खिडकीत बिल मागायला सांगा. बाटलीची छापील किंमत दिसेल असा फोटो काढायला सांगा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जादा किमतीची तक्रार वैध मापन शास्त्र यंत्रणेकडे करता येते. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. दोन बाटल्या आणि एका वेफर्सच्या पाकिटाचे मिळून साठ रुपये जास्त घेतल्याची माझी तक्रार दाखल झाली आहे.